टाळ्यांनी निवडलेला अध्यक्ष

यंदा आमच्या वस्तीतल्या जयंती समितीचा अध्यक्ष दोन मिनिटांत निवडला गेला. एका ज्येष्ठाने नाव सुचवले, दुसऱ्याने अनुमोदन दिले, टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या मुलींना काही बोलायचे होते, तोवर चहा आला. टाळ्या आम्हीही वाजवल्या. घरी जाताना त्याची लाज वाटली.

ब्रिटनचा हुजूर पक्ष आपल्या विचारांचा नाही. पण नेता निवडण्याची त्यांची रीत समजून घ्यावी. आधी खासदार गुप्त मतदान करतात. प्रत्येक फेरीत सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो. उरलेल्या दोघांतून सामान्य सदस्य नेता निवडतात. २०२२ साली खासदारांच्या पाच फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत ऋषी सुनक यांना १३७, लिझ ट्रस यांना ११३ मते पडली. सदस्यांनी मात्र ट्रस यांना ८१,३२६ आणि सुनक यांना ६०,३९९ मते दिली. खासदारांमध्ये पुढे असलेला उमेदवार हरला, पण त्याने वेगळा गट काढला नाही.

ट्रस यांचे सरकार सात आठवड्यांत कोसळले, मग फेऱ्यांचा उपयोग काय, असे कुणी विचारेल. फेऱ्या शहाणपणाची हमी देत नाहीत. पण हरलेले सुनक पक्षातच होते, म्हणून ऑक्टोबरात तेच नेते झाले.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. पुढे त्याचे किती तुकडे झाले! सत्तेची आमिषे होती, प्रस्थापितांची फोडाफोडी होती, हे खरेच. पण हरलेल्याला पक्षात राहून पुन्हा उभे राहण्याची वाटच नसेल, तर तो नवा गट काढणारच.

ही रीत आपल्याला परकी नाही. भिक्खू संघात गणपूर्ती, मतमोजणी, मतपत्रिकेने मतदान यांचे नियम होते, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणातला. तो आपण इतरांना ऐकवतो. स्वतःच्या बैठकीत मात्र टाळ्या वाजवतो.

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी पुन्हा समिती निवडायची आहे. आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या आणि एक रिकामा डबा घेऊन जाणार आहोत. कुणाला तरी निम्म्याहून जास्त मते पडेपर्यंत फेऱ्या होऊ द्या. मागे बसलेल्या मुलींची चिठ्ठीही त्याच डब्यात पडेल. चहा नंतर घेऊ.

जय भीम!