गुंजवण्याचे गोडे पाणी

राजगडाला पुष्कळ लोक जातात. गुंजवण्याला कोणी जात नाही. गुंजवण्यावरून जातात, एवढेच. पुण्याहून सातारा रस्त्याने नसरापूर, तिथून आत वळून मार्गासनी, साखर, आणि मग हे गाव. इथे मंडळी चहा पितात, बुटांच्या नाड्या आवळतात, आणि चोरदरवाजाची वाट धरून पद्मावती माचीवर निघून जातात. संध्याकाळी लंगडत परत येतात, पिठले-भाकरी खातात आणि गाडीत बसून झोपी जातात. मीही गेली वीस वर्षे विद्यार्थ्यांच्या सहली घेऊन असाच जात आलो. गावात थांबायचा योग आला तो गेल्या वर्षी आश्विनात, आणि तोही माझ्या मेव्हण्यामुळे.

हा मेव्हणा सौ.चा धाकटा भाऊ. दाभोळच्या खाडीत त्याची एक लहानशी यांत्रिक नौका आहे. सुट्टीत आलेल्या मंडळींना तो पाण्यावर फिरवून आणतो. आश्विनात तो पुण्याला आला तो पिशवीत एक रबरी नळकांडे घेऊन. भात्यासारखे चुण्यांचे, आणि त्याला मोजून तीन भोके. तसलेच नवे मिळवायला तो दोन दिवस पुणे पालथे घालत होता. मिळाले नाही. मागवले आहे, आठवडा लागेल, असे दुकानदाराने सांगितले. आठवडाभर हा घरात बसून भिंतीकडे पाहणार हे ओळखून सौ. मला म्हणाली, “त्याला कुठेतरी घेऊन जा हो.” म्हणून राजगड.

आता या भोकांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण तिच्यात माझाही हात आहे.

काही नौकांचे इंजिन आत बसवलेले असते आणि पंखा फिरवणारा पाय मागच्या फळीतून बाहेर पाण्यात लोंबत असतो. ही युक्ती स्वीडनच्या व्होल्वो पेंटा कंपनीने 1959 साली बाजारात आणली. वळताना तो पाय वळतो, उथळ पाण्यात वर उचलता येतो, मोठी सोय. पण हा पाय ॲल्युमिनियमचा. त्यात पाणी आत ओढायची भोके, खाचा, सांधे, आणि फळीशी जोडणारा तो रबरी भाता. समुद्रातल्या जीवांना यापेक्षा सुंदर चाळ कोणती मिळणार? प्रथम बुळबुळीत साय धरते, मग शेवाळ, मग बार्नॅकल नावाचे ते पांढरे शंकूसारखे प्राणी. नौका चालती असली तर त्यांना बसायला सवड मिळत नाही. एका जागी उभी राहिली, पाणी खारे आणि कोमट असले, की संपले.

आणि ती उभी राहिली. चैत्रात माझे सासरे आजारी पडले. त्यांना पुण्याला आमच्याकडे आणले. मी जावई, घर माझे, शहर माझे. पण परीक्षांचे दिवस होते, माझ्यापुढे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते, आणि रात्री इस्पितळात बसायला कोणीतरी हवे होते. मी मेव्हण्याला फोन केला. “चार दिवस ये,” म्हणालो. ते चार दिवस अडीच महिन्यांचे झाले. ऐन हंगामात त्याची नौका खाडीच्या तोंडाशी नांगरून पडली. ज्येष्ठात सासरे गेले. तेराव्यानंतर तो गावी पोचला तोवर पाऊस आला होता आणि शेजारच्या खलाशांनी नौका आपली समजून किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली होती. उपकारच केले त्यांनी. पण तिचा पाय तसाच, अंगावरच्या वस्तीसकट वाळला. ओले असताना लाकडी पट्टीने निघाले असते ते भाद्रपदापर्यंत सिमेंटासारखे घट्ट झाले. खरवडताना भाता फाटलेला दिसला. दात्यांच्या पेटीतले तेल काढले तर ते दुधासारखे पांढरे! म्हणजे पाणी आत शिरलेले. कर्जाचा हप्ता तर पावसाळ्यातही थांबत नाही.

हे सगळे त्याने मला कधी सांगितले नव्हते. त्या दिवशी गड उतरून आल्यावर, गावच्या ओढ्यात पाय सोडून बसलो असताना सांगितले. तेही तक्रार म्हणून नव्हे. ओंजळभर पाणी घेऊन त्याने तोंडाला लावले आणि म्हणाला, “भावोजी, हे पाणी मला आठ दिवस मिळाले असते तरी पुरे होते.”

मला वाटले, पिण्याबद्दल बोलतो आहे. तो बोलत होता नौकेबद्दल. खाऱ्या पाण्यातले हे जीव गोड्या पाण्यात जगत नाहीत. म्हणून नौका खाडीतून वर, नदीचे पाणी लागते तिथे नेऊन काही दिवस ठेवली की अंगावरचे सगळे मरते. कवचे राहतात, पण ती मागाहून खरवडता येतात.

“मग तांब्याचा रंग का नाही लावत?” मी माझे पुस्तकी ज्ञान पाजळले. इंग्रजांच्या आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ नावाच्या जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकले होते, हे मी कुठेतरी वाचले होते. जीव बसले नाहीत. पण 1763 मध्ये पत्रे उचकटून पाहिले तर खालचे लोखंडी खिळे विरघळून चाललेले! मेव्हणा हसला. म्हणाला, “तेच की! खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की एक दुसऱ्याला खातो. लाकडी बुडाला तांब्याचा रंग चालतो. ॲल्युमिनियमच्या पायाला लावला तर पायच जायचा.” त्याला तांबे धातुरूपात नसलेला निराळा रंग लागतो. शिवाय पायाला जस्ताचे गोळे बांधलेले असतात, ते अशासाठी की खायचेच असेल तर त्यांना खावे. त्यांच्यावर चुकूनही रंग लावायचा नाही. रंगवले की ते मरायला मोकळे राहत नाहीत. असा गोळा प्रत्येक कुटुंबात एखादा असतो, हे मला त्याच्याकडे पाहता पाहता जाणवले. बोललो मात्र नाही.

आणखीही एक औषध होते: कथिलाच्या संयुगाचा जालीम रंग. त्याने बुडे आरशासारखी स्वच्छ राहत. पण फ्रान्समधल्या आर्काशोंच्या उपसागरात कालवांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली, शंखांच्या माद्यांना नराची इंद्रिये फुटू लागली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. 2001 साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2008 पासून तो रंग बंद झाला. डार्विनसारख्या माणसाने 1846 ते 1854 अशी आठ वर्षे ज्या प्राण्यात घालवली, तो इतक्या स्वस्तात हार जाणार नाही हे उघडच आहे. त्याचे पिलू पाण्यात हिंडते, जागा चाचपून पाहते, पसंत पडली की डोके टेकून स्वतःला चिकटवून घेते, आणि उरलेला जन्म उलटे राहून पायांनी अन्न ओढते. काही प्राध्यापकांचाही जीवनक्रम फारसा वेगळा नसतो.

ओढ्यावर बसून मी वर पाहिले. बालेकिल्ल्यावर ऊन होते. या गडावरून समुद्र दिसत नाही; तोरणा दिसतो, सिंहगड दिसतो. पायथ्याचे पाणीसुद्धा समुद्राकडे पाठ करून निघते: गुंजवणी नीरेला, नीरा भीमेला, भीमा कृष्णेला, असे करत ते थेट पूर्वेच्या उपसागरात. आणि तरी मराठ्यांचे आरमार उभे राहिले ते राजगड राजधानी असतानाच. 1657 साली कल्याण-भिवंडी हाती आली आणि गलबते बांधायला सुरुवात झाली. 1664 च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचा पाया पडला. 1665 मध्ये महाराज स्वतः गलबतातून बसरूरवर गेले. डोंगरात बसून समुद्राचा विचार करणारी ही माणसे!

रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र मी एम. ए.च्या वर्गाला शिकवतो. दुर्गांचे प्रकरण मुले पाठ करतात, कारण प्रश्न त्यावर येतो; आरमाराचे प्रकरण मीच घाईने उरकतो. त्यात पावसाळ्यात आरमार कोठे ठेवावे, दर वर्षी एकाच बंदरात न ठेवता बंदर कसे बदलावे, याचा विचार आहे. इतकी वर्षे मला ती कारकुनी बाब वाटत आली. त्या ओढ्यावर प्रथमच कळले की पाण्यावर चालणाऱ्या वस्तूचा अर्धा संसार ती पाण्याबाहेर कधी आणि कशी निघते यावरच असतो. राळ, तेल, चुना लावून लाकडी बुडे जपणाऱ्या आपल्या नाखवांना हे कोणी वर्गात शिकवले नव्हते. मुंबईत लवजी नसरवानजी वाडियांनी 1750 साली सुकी गोदी बांधली तीही अशाच जहाजांच्या डागडुजीसाठी.

मुक्काम ज्या घरी होता त्या मावशी जेवायला हाक मारायला आल्या. मेव्हण्याची गोष्ट त्यांनी उभ्यानेच ऐकली. “बाप आजारी असल्यावं होडीला कोन बघतंय?” एवढेच म्हणाल्या. हे वाक्य मी चार महिन्यांपूर्वी बोलायला हवे होते.

जेवण झाल्यावर मेव्हणा त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे जाऊन उभा राहिला. भाता आठवड्याने येणार; तो बसवायचा, पेटीतले तेल बदलायचे, पाय घासायचा, दोन हात रंग द्यायचा. नौका पाण्यात लोटायला मोठ्या भरतीचे उधाण हवे. त्याने बोट फिरवत फिरवत अमावास्येवर ठेवले.

“लक्ष्मीपूजन आहे त्या दिवशी,” मी म्हणालो.

“यंदा आपल्याकडे दिवाळी कुठे आहे भावोजी?” तो म्हणाला. सासऱ्यांना वर्ष व्हायचे होते.

घरी आल्यावर मी सौ.ला विचारले, जुनी धोतरे कुठे ठेवली आहेत. कशाला, ते तिने विचारले नाही. धनत्रयोदशीच्या पहाटेच्या एस. टी.ने आम्ही तिघे निघालो. दोन दिवस मी त्या नौकेच्या पायाशी वाळूत पाठीवर पडून होतो. हातात लाकडी पट्टी, कारण लोखंडाने धातूला चरे पडतात आणि तेजाबाने तो झिजतो. कोपऱ्याकोपऱ्यांतून, पाणी ओढायच्या भोकांतून तारेने एकेक कवच काढायचे. मेव्हणा मधून मधून येऊन बोट फिरवून पाही आणि वर्गात मी मुलांना म्हणतो तसे म्हणे, “इथे राहिलंय.” सौ. शेजारी बसून, वडिलांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून देत होती. अमावास्येला भरती लागली तेव्हा गावातल्या आठ-दहा जणांनी खांदा दिला. नौका तरंगली. तो पाय हळूच पाण्यात सोडून मेव्हण्याने इंजिन सुरू केले, आणि मागून थंड पाण्याची धार बाहेर पडते की नाही, ते पाहायला आम्ही सगळे वाकलो. पडत होती.