भेगांचा जमाखर्च

वैशाखात वऱ्हाडातील काळ्या रानातून चालणारा माणूस पायांखाली पाहून चालतो. पऱ्हाटी उपटून झालेली असते, जमीन उललेली असते आणि एखादी भेग तर हातभर काठी गिळून टाकते. अकोल्यातील एका आडत व्यापाऱ्याच्या घरी मात्र ही भेग रानातून भिंतीत आली, आणि भिंतीतून दोन सख्ख्या भावांच्या मनात.

वडिलार्जित जागेवर दोघांची घरे लागून होती. धाकट्याने मजला चढवला आणि पुढच्याच उन्हाळ्यात थोरल्याच्या कोपऱ्यातील खोलीला तिरपी भेग पडली. "याच्या ओझ्यानेच माझी भिंत फाटली," असे थोरल्याने ठरवून टाकले. दिवाळीचे येणे-जाणे थांबले. वकिलाकडे नोटिशीचा मसुदाही तयार झाला.

धाकट्याची मुलगी अमरावतीस स्थापत्य अभियांत्रिकी शिकत होती. सुटीत ती थेट काकांच्या ओसरीवर गेली. "मोठेबाबा, नोटीस पाठवायच्या आधी एक वर्ष भेगेचा हिशेब लिहाल का?" ज्याने जन्मभर कीर्द लिहिली, तो हिशेबाला नाही कसे म्हणणार? तिने भेगेच्या दोन बाजूंना दोन खिळे ठोकले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्यांतील अंतर मोजून वहीत मांडायचे, एवढेच काम. पहिली नोंद मे महिन्याची झाली : १०६ मिलिमीटर.

त्याच आठवड्यात तिने भारतीय मानकांत सांगितलेली एक साधी चाचणी काकांसमोर करून दाखवली. पायाजवळची माती वाळवून, बारीक चाळून, दहा-दहा ग्रॅम दोन काचेच्या मापनळ्यांत घातली. एकीत रॉकेल भरले, दुसरीत पाणी. दुसऱ्या दिवशी रॉकेलातील थर होता तेवढाच राहिला होता, पाण्यातील जवळजवळ दुप्पट झाला होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण झिजून ही माती झाली. तिच्यातील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पापुद्र्यापापुद्र्यांचे असते. पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते, ते निघून गेले की आकसते.

मग ती काकांना शेतावर घेऊन गेली. भेगा वाटेल तशा पडत नाहीत, हे तिथे त्यांनी प्रथमच नीट पाहिले. एक लांब भेग आधी पडते. तिच्या काठची माती आडव्या दिशेने मोकळी होते. ताण उरतो तो भेगेच्या लांबीच्या दिशेने. म्हणून नवी भेग तिला काटकोनात येऊन मिळते. माती पुन्हापुन्हा भिजून वाळली की हे काटकोन हळूहळू बदलतात, तीन भेगा एका बिंदूत मिळू लागतात आणि षट्‌कोनासारखे तुकडे दिसतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल, सुमारे ६१ मीटर उंचीची, अशाच नियमाने थंड होताना आकसलेल्या पाषाणाच्या स्तंभांची बनलेली आहे. मातीच्या आणि खडकाच्या या नक्षीचा अभ्यास भू-यांत्रिकीत होतो. त्यावर विद्वानांच्या कार्यशाळा भरतात.

वहीतील आकडे पावसाळ्यात उतरू लागले. सप्टेंबरात अंतर १०२ झाले. थंडीत ते पुन्हा वाढत गेले आणि दुसऱ्या मे महिन्यात १०६ वर आले. पुतणीने फक्त एवढेच विचारले, "मोठेबाबा, ओझे वर्षभर सारखेच असते. ओझ्याने पडलेली भेग पावसाळ्यात कशी मिटेल?"

काकांनी तेरा नोंदी पुन्हा वाचल्या. मग उठून ते कोपऱ्याशी गेले. त्यांच्याच छताची पन्हळ नेमकी तिथे पायाशी पाणी ओतत होती. पावसाळ्यात तो कोपरा फुगून वर उचलला जाई, उन्हाळ्यात आकसून खाली बसे, आणि घराच्या मध्याखालची माती मात्र जवळपास तशीच राही. या ओढाताणीत भिंत तिरपी फाटली होती.

उपाय फार खर्चाचा नव्हता. पन्हळीचे पाणी नळाने दूर नेले. पायाभोवती बाहेर उतार असलेली पक्की फरशी घातली. नव्या बांधकामासाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर असणारे खोल खांब विकसित केले आहेत. ऋतूंचा फेरा जिथवर पोहोचत नाही, तिथवर ते जातात. जुन्या घराला पाणी सांभाळणे पुरले.

अवघड काम पुढेच होते. थोरला भाऊ वही काखेत घेऊन धाकट्याच्या दारात गेला. "चूक माझ्या पन्हळीची होती. नाव तुझे घातले," तो म्हणाला. धाकट्याने वही उघडलीच नाही. त्याने आत वळून चहा ठेवायला सांगितले.

भेग पुढे चुन्याने भरली. खिळे मात्र काढले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आता दोघे भाऊ मिळून अंतर मोजतात.