खोलीपुरता आवाज

आमच्याकडे आवाजाची पहिली ओळख होते ती कर्ण्याशी. वरणगावात लग्न असो, सप्ताह असो की गणपती, मंडपवाला आधी लिंबाच्या फांदीला नाहीतर बांबूला कर्णा बांधतो, मग बाकीच्या कार्याला हात लागतो. लहानपणी मला गाण्यापेक्षा कर्ण्याखालच्या पेटीचं वेड होतं. राखाडी पत्रा, पुढे काळी बटणं, मागे जाळी, आणि जाळीच्या आत काचेच्या नळ्यांमध्ये निखाऱ्यासारखी लाल होत जाणारी तार. पेटीवर ३० वॅट लिहिलेलं असायचं. तेवढ्यावर पार शेवटच्या मळ्यात केळीला पाणी भरणाऱ्या माणसापर्यंत गाणं पोचायचं. पुढे शहरातल्या दुकानांत हजार वॅट पीएमपीओ छापलेल्या म्युझिक सिस्टीम पाहिल्या. त्यांच्यातून दणका यायचा, शब्द यायचे नाहीत. तिसात शिवार भरतं आणि हजारात खोली भरत नाही, हे कोडं मनात तसंच राहून गेलं होतं.

ते सुटलं नानांमुळे. माझे वडील इथल्या आयुध निर्माणीत होते. निर्माणी १९६४ सालची, बंदुकीची काडतुसं करणारी. गावातल्या कितीतरी घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटली. नानांचं आयुष्य गेजच्या संगतीत गेलं. वस्तू मापात आहे की नाही एवढंच ते बघत, आणि मापात नसलेलं त्यांना घरातही खपत नसे. निवृत्तीनंतर संध्याकाळी अभंग ऐकायचा नेम सुरू झाला, मोबाइलवर. वय वाढलं की बारीक, उंच आवाज कानातून आधी जातात. स, श, त, ट ही अक्षरं निसटतात आणि शब्दाचा नुसता सांगाडा उरतो. मी आवाज वाढवत गेलो. एके दिवशी त्यांनी हातानं थांबवलं आणि म्हणाले, "मले मोठं नको रे, जवळ पाहिजे."

त्यांच्या मनात कोणता आवाज होता ते मला लगेच उमगलं. आमच्या जुन्या धाब्याच्या घरात देवळीशेजारी व्हॉल्व्हचा, म्हणजे तशाच काचेच्या नळ्यांचा, रेडिओ होता. पोस्टात दरसाल परवान्याचे पैसे भरून ऐकायचा तो रेडिओ. बटण फिरवल्यावर लगेच काही ऐकू येत नसे. आधी हिरवा डोळा उजळायचा, मग लाकडाला आणि धुळीला ऊब लागल्याचा वास यायचा, आणि मग खोल विहिरीतून वर यावा तसा माणसाचा आवाज यायचा. त्या अर्ध्या मिनिटात घरातली सगळी माणसं गप्प होत. तो रेडिओ घर पाडताना गेला. तेव्हा मी बाहेरगावी होतो, नाहीतर जाऊ दिला नसता.

तेव्हा ठरवलं, नानांसाठी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकर करायचा. विकतचाही पाहिला. मुंबईला लॅमिंग्टन रोड पालथा घातला, पुण्यात तपकीर गल्लीत दोन दिवस काढले. तिथे एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. लोक आधी ॲम्प्लिफायर ठरवतात, त्या काचांच्या प्रेमात पडतात, आणि उरलेल्या पैशांत स्पीकर घेतात. मीही तेच केलं. पाच वॅटचा एक जुना ॲम्प्लिफायर आणला आणि त्याला दिसायला देखणे, पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन छोटे स्पीकर जोडले. अभंगाची सुरुवात बरी झाली. गायकानं तार सप्तकात हात घातला आणि आवाज घुसमटला, उशी तोंडावर धरून गावं तसा. नाना काही बोलले नाहीत. उठून अंगणात गेले.

चूक समजायला एक साधं माप पुरेसं होतं. स्पीकरला एक वॅट द्यायचा आणि एक मीटरवरून किती डेसिबल आवाज येतो ते मोजायचं. माझे छोटे स्पीकर ८४ चे होते. डेसिबलचा हिशेब असा की दर दहा डेसिबलला वीज दहापट लागते. म्हणजे ९४ चा स्पीकर जो आवाज पाच वॅटवर देईल, त्यासाठी माझ्या देखण्या जोडीला पन्नास वॅट हवे होते. कर्णा तर १०५ च्या वर जातो. स्पीकरच्या पडद्यानं मोकळ्या हवेला थेट ढकललं तर बहुतेक जोर वायाच जातो; कर्णा त्या हवेला हळूहळू रुंदावणारी वाट देतो, म्हणून पडद्याची मेहनत वसूल होते. मंडपवाल्याच्या पेटीचं गुपित पेटीत कधी नव्हतंच, ते लिंबाला टांगलेलं होतं.

घरात कर्णा लावता येत नाही. लोखंडी कर्ण्यात खर्ज नसतो आणि जवळून तो कानाला टोचतो. पण त्याचा धडा घेता येतो. हलक्या कागदाचा, मोठ्या चुंबकाचा, आठ इंची स्पीकर शोधला. मधे आणखी एक छोटा कागदी शंकू असलेला, जुन्या रेडिओग्राममध्ये असायचा त्या जातीचा. अशा स्पीकरला मोठी पेटी लागते. लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या विजेत भरपूर आवाज या तीन गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन घ्यायच्या, तिसरी सोडायची. हल्लीचे स्पीकर तिसरी सोडतात, कारण वीज स्वस्त झाली आणि खोल्या लहान. मी लहान पेटी सोडली.

आणि एकच स्पीकर केला. यावर माझ्याशी अनेकांनी वाद घातला. पण नाना जे ऐकतात त्यातलं बरंचसं स्टिरिओच्या आधीचं, एका मायक्रोफोनसमोर गायलेलं आहे. बारा बाय दहाच्या खोलीत दोन मध्यम स्पीकरांपेक्षा एक चांगला स्पीकर माणसाला समोर आणून बसवतो. एवढं खर्चाचं शहाणपण तरी प्रत्येकानं करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

पेटीला लाकूड आलं ते पाडलेल्या धाब्याच्या घराचं. सागवानी दाराच्या फळ्या चुलत्यांच्या खळ्यात पडून होत्या, साठ-सत्तर उन्हाळे खाऊन शांत झालेल्या. सुतारानं त्या रंधल्या तेव्हा आतून मधासारखा रंग निघाला. साठ लिटरची पेटी झाली. आत आवाज घुमू नये म्हणून काहीतरी मऊ भरावं लागतं. लोकर चांगली म्हणतात. आमच्याकडे कापूस पिकतो, म्हणून पिंजाऱ्याकडून दोन किलो पिंजून आणला आणि जुन्या धोतराच्या पिशवीत भरून आत ठोकला. दबून बसतो हे खरं, वर्षाआड पुन्हा पिंजावा लागतो. गादीचंही तेच असतं.

आता ॲम्प्लिफायर. एकदा स्पीकर ९४ चा ठरला की पाच वॅट भरपूर होतात. पाच वॅटला एक ईएल८४ पुरतो. बोटाएवढी काच, आधी एक ईसीसी८३, बस. हे दोन्ही व्हॉल्व्ह मला बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे मिळाले. १९५४ साली संरक्षण खात्याखाली निघालेल्या त्या कंपनीनं देशातल्या रेडिओंसाठी बरीच वर्षं व्हॉल्व्ह केले. खोक्यावरचा शिक्का नानांनी चष्मा लावून वाचला. एकाच खात्याचा माल, त्यांनी काडतूस केलं आणि कुठल्यातरी बेंगळुरूच्या माणसानं ही काच. त्यांनी ती उजेडाकडे धरून फिरवली. वरच्या टोकाला आतून चंदेरी लेप असतो, बेरियमचा. नळीत उरलेली हवा तो खाऊन टाकतो. तो पांढरा पडला तर समजावं की काचेला तडा गेला, हवा शिरली, व्हॉल्व्ह संपला. "म्हणजे याचं गेज यातच हाये," नाना म्हणाले. त्यांना तो व्हॉल्व्ह तिथेच पटला.

खरी कसोटी ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हमध्ये दाब अडीचशे-तीनशे व्होल्टचा आणि प्रवाह अगदी पिळून काढलेला, ४८ मिलिअँपिअर. स्पीकरला हवा नेमका उलटा प्रकार. मधे ट्रान्सफॉर्मर नसला तर दोघांची गाठ पडत नाही. व्हॉल्व्हला समोर पाच हजार ओहम दिसायला हवेत आणि स्पीकर आहे आठ ओहमचा. भागाकार ६२५, त्याचं वर्गमूळ २५. म्हणून एका बाजूला अडीच हजार वेढे तर दुसऱ्या बाजूला शंभर. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरचं वजन, किंमत आणि गुण या लोखंडात असतो. घ्यायला जाल तेव्हा आधी उचलून पाहावा. काचा पुन्हा मिळतात, वाईट ट्रान्सफॉर्मर जन्मभर वाईटच राहतो.

केळीच्या पट्ट्यात मोटार रिवाइंडिंगची दुकानं पावलोपावली. भर उन्हाळ्यात विहिरीवरची मोटार जळली की शेतकरी रात्री दार ठोठावतो, इतकी त्या माणसाची गरज. आमच्या ओळखीचे असे एक काका आहेत. केसासारखी बारीक तार पाहून म्हणाले, "भाऊ, ही तं श्वासानं तुटीन." पण गुंडाळली. थर थर वाटून, मधे कागद घालून, तीन दिवस बसून. जोडल्यावर गळा सुंदर आला आणि पखवाज चिरका, फाटका. दोघेही कोड्यात पडलो. कारण पुढे सापडलं. लोखंडी पट्ट्या ई आणि आय आकाराच्या असतात. घरच्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये त्या एक उलटी एक सुलटी अशा गुंफतात. काकांच्या हातानं सवयीनं तेच केलं होतं. पण एकट्या व्हॉल्व्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून सतत एकाच दिशेनं प्रवाह वाहतो. लोखंड त्यानंच भरून जातं, खर्जाला जागा उरत नाही. म्हणून सगळ्या ई एका बाजूला, सगळ्या आय दुसऱ्या बाजूला, आणि मधे कागदाची एक घडी. ती घडी काकांनी स्वतः कापली, माझ्या लहान मुलीच्या वहीच्या पुठ्ठ्यातून. पखवाज बसला. पैसे घेईनात. म्हणाले, तीस वर्षं मोटारी बांधल्या, एकीनं कधी गाऊन दाखवलं नाही.

व्हॉल्व्हचा आवाज "खरा" असतो असं सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही. एकटा व्हॉल्व्ह मूळ स्वरात स्वतःचं थोडं मिसळतो, आणि मुख्यतः मिसळतो तो दुप्पट कंपनांचा स्वर. षड्ज दिला तर त्याच्या जोडीला पुसटसा तार षड्ज. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हा तार नुसती तार राहत नाही, तिच्यातले वरचे स्वर उघडतात. तंबोऱ्याला कुणी खोटं म्हणत नाही. पण जवारी जास्त झाली की तंबोरा झणझणतो, तसंच हेही. पाच वॅट पुरते ओढले की ही मिसळ दहा टक्क्यांपर्यंत जाते आणि गळा जाडा होतो. नाना ऐकतात तेव्हा सरासरी पाव वॅटही लागत नाही, तान उसळली तर एखादा. तिथे ही मिसळ नखभर असते. बाकीचे चार वॅट हात न लावता शिल्लक राहतात, आणि आवाज सैल, मोकळा वाटतो तो त्या शिलकीमुळे.

ईएल८४ नको, मोठे व्हॉल्व्ह लाव, असा सल्ला देणारे जळगाव-भुसावळचा मे विसरतात. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दोन-तीनशे वॅट ओढणारा ॲम्प्लिफायर म्हणजे खोलीत पेटवलेली शेगडी. माझा सगळा मिळून एका चाळीसच्या बल्बइतकी वीज घेतो. तरी काच हात लावण्याजोगी नसते, आणि तिच्यामागच्या कंडेन्सरमध्ये बटण बंद केल्यावरही तीनशे व्होल्ट दबा धरून बसतात. ते आपोआप उतरावेत म्हणून एक रेझिस्टर कायमचा जोडला आहे. तरीही झाकण उघडताना एक हात खिशात ठेवायचा, हा नियम नानांनी घातला. स्पीकरची तार सुटलेली असताना चालू करायचा नाही, हा मी घातला.

पहिल्यांदा नीट लावला तो वैशाखात, दिवेलागणीला. काचा तांबूस व्हायला लागल्या, नाना खुर्ची ओढून बसले आणि रेडिओसमोर बसत तसे गप्प झाले. अर्ध्या मिनिटानं भीमसेनजींचा षड्ज आला. नानांनी मान वर केली. थोड्या वेळानं म्हणाले, "आता कसं, माणूस घरात बसेल वाटते."

पण उन्हाळ्यात आमच्या खोलीत गाण्याच्या जोडीला कूलर असतो. तो नसेल तर बसणं शक्य नाही. मोबाइलवरच्या मापकानं मोजला तर त्याचा गोंगाट साठ डेसिबलच्या आसपास भरला. गाण्यातलं जे सगळ्यांत नाजूक, श्वास घेणं, तंबोऱ्याची सावली, ते सगळं त्या पाण्याच्या आणि पंख्याच्या घरघरीत बुडतं. कूलर खिडकीबाहेर हलवला, खाली रबर घातलं, नळी बदलली. थोडा फरक पडला. एवढं जिवापाड केलेलं ऐकणं वर्षातले तीन महिने घरघरीआडून ऐकायचं, याचं मला वाईट वाटत राहिलं.

परवा ज्येष्ठातल्या एका रात्री अभंग शेवटाला आला होता आणि लाइट गेली. कूलर थांबला, घरघर एकदम मिटली. पण गाणं पुरवणारा मोबाइल बॅटरीवर चालूच होता, काचा गरम होत्या आणि कंडेन्सरमध्ये भरलेलं अजून उरलं होतं. तीन-चार सेकंद, पूर्ण शांततेत, गाणं चालू राहिलं. दोन काचांमधल्या तांबूस उजेडात पेटीची कड दिसत होती. आवाज कुठेही न तुटता, गाणारा उठून ओसरीकडे चालत जावा तसा लांब होत गेला, आणि त्या चार सेकंदांत मला गायकाचा श्वास ऐकू आला, टाळाची शेवटची किणकिण ऐकू आली, जी उभ्या उन्हाळ्यात कधी ऐकू आली नव्हती. मग काचा विझल्या. अंधारात नानांनी मांडीवर समेची थाप दिली आणि पुढचं चरण स्वतःच धरलं.