इंद्रायणीचा वास

मी मराठीचा मास्तर. बीएला रसायनशास्त्राचा काही संबंध आला नाही, त्यामुळे 'अमिनो आम्ल' म्हटलं की मला टॉनिकची बाटलीच आठवायची. नातीने मात्र परवा त्यातल्या एकाची ओळख करून दिली, आणि तीही आमच्या मावळच्या इंद्रायणी तांदळावरून. त्याचं नाव प्रोलीन.

आपली प्रथिनं वीस अमिनो आम्लांनी बांधलेली असतात. प्रत्येकाला एक नायट्रोजनचं टोक, एक आम्लाचं, आणि मधल्या कार्बनला लागलेली एक फांदी. प्रोलीनची ही फांदी वळून स्वतःच्याच नायट्रोजनला चिकटते. पाच अणूंचं कडं होतं. "म्हणजे कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली बाई!" मी म्हटलं. नात हसली, पण नाही म्हणाली नाही. या कड्यामुळे प्रोलीन ताठर. प्रथिनाच्या साखळीत जिथे ते येतं तिथे साखळीला बाक येतो.

सुवासिक भातात याच प्रोलीनमधला नायट्रोजन दुसऱ्या एका कड्यात जातो. त्याचं नाव टू-असिटाइल-वन-पायरोलीन. (वर्गात फळ्यावर लिहावं लागलं नाही, देवाची कृपा.) तोच तो वास. दहा अब्ज भाग पाण्यात एक भाग असला तरी नाकाला कळतो. आणि गंमत अशी, की बहुतेक सुवासिक भातांत तो एका बिघाडातून येतो. त्याचा कच्चा माल दुसरीकडे वळवणारं विकर निकामी असतं, म्हणून माल साठतो आणि वास तयार होतो. २००५ साली हे उलगडलं.

आंबेमोहोर उंच वाढायचा, पावसात लोळायचा. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि फिलिपिन्सच्या बुटक्या आयआर-८ चा संकर केला, आणि १९८७ साली इंद्रायणी आली. वास राहिला, उताराही वाढला.

पण हा वास उडणारा. सडलेल्या तांदळातून लवकर जातो. आई भात कणगीत ठेवायची, लागेल तेवढाच कांडायची. आता लोणावळ्यात पॉलिश केलेल्या पिशव्या मिळतात, आणि खाचरांवर बंगले उठतात. असो.

सत्तरीनंतर माझं नाकच मंद झालंय. ही विचारते, "येतोय ना वास?" मी हो म्हणतो. नात म्हणते, "आजोबा, तांदळात वास तेवढाच आहे हो." झाकण काढलं की मी पातेल्यावर वाकतो. कधी येतो, कधी नाही.