उंब्रज ते आगाशिव : चोवीस आऱ्यांचा हिशेब

आमचे उंब्रज पुणे-बेंगळूर महामार्गावर, तारळी नदी कृष्णेला मिळते तिथे वसलेले. एस.टी.ने कराड गाठावे, पुढे मलकापूरवरून जखिणवाडीकडे वळावे, की आगाशिवाच्या डोंगरातील बौद्ध लेणी येतात. आमच्या भागातील कित्येक बांधवांनी वेरूळ-अजिंठा पाहिले आहे. पण घराजवळची ही साठाहून अधिक लेणी पाहिलेली नाहीत. मीही नोकरीची वीस वर्षे रोज डोंगराकडे पाहत कराडला गेलो आणि वर चढलो ते एका चुकीमुळे.

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी १४ ऑक्टोबरच्या आठ दिवस आधी आमच्या विहाराच्या दर्शनी भिंतीवर धम्मचक्र रंगवून घेतले. रंगवणारा आमच्याच वस्तीतला तरुण, पाट्या आणि बॅनर रंगवून पोट भरणारा. मी कारकून माणूस, मोजल्याशिवाय सही करायची नाही ही सवय. आरे मोजले तर तेवीस! आणि मी ते सभेत, सगळ्यांसमोर बोलून दाखवले. पोरगा काही बोलला नाही. संध्याकाळी पाहतो तर एकटाच भिंत खरवडत होता. माझी बायको म्हणाली, "चूक त्याची, पण बोलायची जागा तुमची चुकली." ते खरेच होते.

रविवारी त्याला बरोबर घेऊन आगाशिवावर गेलो. चढ दमवणारा आहे, पाण्याची बाटली आवर्जून न्यावी. इथली लेणी साधी आहेत. वेरूळसारखी मूर्तींची गर्दी नाही. भिक्खूंच्या खोल्या, दगडी ओटे आणि काही चैत्यगृहे. त्यांतल्या एका चैत्याच्या दाराच्या बाजूंना स्तंभ कोरलेले आहेत, एकावर चक्र, दुसऱ्यावर सिंह. पोरगा तिथेच थबकला. आत स्तूप : खाली गोल पाया, त्यावर अंड, त्यावर चौकोनी हर्मिका. वर्तुळ आणि चौकोन एवढ्यावरच सगळी रचना उभी. त्याने खिशातून सुतळी काढून पायाशी धरली, वळसा घातला, परत गुंडाळली. म्हणाला, "काका, यांनी चुकल्यावर काय केलं असेल? भिंत खरवडता येते, डोंगर कसा खरवडणार?" ज्यांनी हे आखले त्यांचे नाव आपल्याला ठाऊक नाही. कराडचे जुने नाव करहाकट; त्या गावच्या दात्यांची नावे दूर मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपावर कोरलेली सापडली आहेत. दान देणाऱ्यांची नावे राहिली, आखणी करणाऱ्याचे गेले.

आपल्या काळातील एक नाव मात्र लक्षात ठेवावे : शिवदान मल. नागपूरच्या दीक्षाभूमीच्या स्तूपाचा आराखडा या वास्तुविशारदाचा. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे. दीक्षाभूमीचा पोकळ, लोकांना आत बसता येईल असा. आकार जुना ठेवला आणि उपयोग नवा दिला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. राष्ट्रध्वजावरील चोवीस आऱ्यांचे अशोकचक्रही सारनाथवरून घेतलेले. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तो ध्वज स्वीकारला आणि ध्वज ठरवणाऱ्या समितीत बाबासाहेब होते.

परत आल्यावर रात्री नऊला पोरगा शिडी घेऊन विहारापाशी हजर. भिंतीत खिळा ठोकला, सुतळी बांधून वर्तुळ काढले. मग त्याच सुतळीचे माप, म्हणजे खिळ्यापासून कडेपर्यंतचे अंतर, कडेवर एकापुढे एक टाकत गेला. बरोबर सहा वेळा बसले, सहावे माप सुरुवातीच्या खुणेवर आले. प्रत्येक भाग निम्मा केला, बारा झाले. पुन्हा निम्मा केला, चोवीस. कोनमापकही लागला नाही. पूर्वी तो वरून सुरुवात करून नजरेने भाग पाडायचा, म्हणून शेवटचे घर मोठे होऊन एक आरा गळाला होता. घरात मुले असतील तर हे ताटलीवर करून दाखवावे. भूमितीच्या तासाला न कळलेले लगेच कळते.

निळा रंग चढेपर्यंत दोन वाजले. सकाळी तो मला बोलवायला दारात आला, "मोजा काका." मी म्हटले, मोजणार नाही. तर म्हणाला, "नाही, मोजाच. आणि सगळ्यांसमोर मोजा."

मोजले.