बिनजाळ्याचा कोळी

वाचकहो, तुम्ही नाशिककडून रेल्वेने मुंबईला निघालात काय, पुण्याकडून निघालात काय, कल्याण लागतेच. कसाऱ्याची आणि कर्जतची वाट इथे एकत्र येते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली आणि १८५४ साली रूळ कल्याणला पोचले. पुढे डोंबिवली, मग ठाण्याची खाडी. खिडकीतून पाहिले तर इमारतींना अंत नाही. एवढ्या गर्दीत जगाला ठाऊक नसलेला एखादा जीव राहत असेल, असे कुणाच्या मनातही येणार नाही. पण तो राहत होता. आज त्याचीच ओळख करून घेऊ.

ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी ‘कोळी’ म्हटले की जाळे टाकून मासे धरणारे कोळी बांधव आठवतात. आपला कोळी मात्र आठ पायांचा, आणि नवल असे की तो शिकारीसाठी जाळे विणतच नाही! मांजर जसे उंदरावर दबा धरते, तसा तो माशी, तुडतुडा किंवा लहान पतंग हेरतो, हळूहळू पुढे सरकतो आणि नेम धरून झडप घालतो. म्हणून या कुळाला उड्या मारणारे कोळी म्हणतात.

२०२१ साली ध्रुव प्रजापती, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुळातल्या दोन नव्या जातींचे वर्णन रशियातल्या ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. एक मुंबईच्या आरे दूध वसाहतीतली, दुसरी ठाणे-कल्याण भागातली. या दुसरीचे नाव त्यांनी ठेवले ‘इसियस तुकारामी’.

हे तुकाराम कोण? सातारा जिल्ह्यात जावळी तालुक्यात केडंबे नावाचे गाव आहे. तिथले तुकाराम ओंबळे आधी सैन्यात होते, नंतर मुंबई पोलिसांत सहायक उपनिरीक्षक झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर दोन अतिरेक्यांची मोटार अडवली गेली. ओंबळे यांच्या हाती फक्त लाठी होती. त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली. गोळ्या अंगावर घेतल्या, पण पकड सोडली नाही. त्यामुळेच कसाब जिवंत हाती लागला. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. जाळे नाही, मोठे हत्यार नाही, समोर जाऊन भिडायचे. अशा माणसाचे नाव अशा कोळ्याला शोभते की नाही, तुम्हीच सांगा.

आता या कुळाची ओळख पटवण्याच्या खुणा. पतंगाला सहा पाय आणि चार पंख. कोळ्याला आठ पाय, पंख नाहीत. उड्या मारणारा कोळी बहुधा तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठा नसतो. त्याला आठ डोळे. चार पुढे ओळीने, त्यांतले मधले दोन चांगले टपोरे, मोटारीच्या दिव्यांसारखे. उरलेले चार डोक्यावर. बोट जवळ नेले तर तो पळण्याआधी वळून तुमच्याकडे पाहतो. उडी घेण्याआधी रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो. नेम चुकला तर त्याच धाग्याला लटकून वाचतो. या धाग्याची तो पानाखाली नाहीतर सालीच्या फटीत पिशवी विणतो, तिच्यात झोपतो, अंडी घालतो. माणसाला याच्यापासून भय नाही.

एवढ्याने कूळ कळते, जात मात्र कळत नाही. रंग फसवतात; नर-मादीही पुष्कळदा वेगळ्या दिसतात. म्हणून अभ्यासक सूक्ष्मदर्शक घेऊन बसतात. नराच्या तोंडाजवळच्या दोन आखूड स्पर्शपादांची आणि मादीच्या पोटाखालच्या जननअवयवाची घडण ते पाहतात. ही घडण जातीगणिक वेगळी असते. ती माहीत असलेल्या कोणत्याच जातीशी जुळली नाही, म्हणजे जात नवी. आणि असे काम पुष्कळ शिल्लक आहे बरे! २०२२ साली जगातल्या नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती पन्नास हजारांवर गेल्या, तरी नव्या सापडतच आहेत.

तुम्ही म्हणाल, याचा आमच्या शेताशी काय संबंध? मुरबाड-शहापूरच्या भातखाचरांत कधी वाकून पाहा. बुंध्याशी, पानाखाली कितीतरी कोळी दिसतील. तुडतुडे खाऊन ते आपलेच काम करतात, तेही मजुरी न घेता. आपण मात्र दोन तुडतुडे दिसले की पंप खांद्याला लावतो. औषधाने आधी कोळी मरतात. तुडतुड्यांची पानाच्या आवरणात घातलेली अंडी वाचतात. ती फुटली की त्यांना खाणारा कुणी उरत नाही आणि कीड पहिल्यापेक्षा जोराने वाढते. म्हणून फवारणीआधी मोजा: कीड किती, कोळी किती. मगच काय ते ठरवा.

आणि पुढच्या खेपेला कल्याणला गाडी थांबली, की इमारतींच्या मधल्या एखाद्या हिरव्या तुकड्याकडे जरा पाहा. आज घरी मात्र मुलांना हाताशी घ्या आणि परसातल्या पेरूची पाने उलटून बघा. टपोऱ्या डोळ्यांचा एखादा चिमुकला जीव तुमच्याकडे वळून पाहील. त्याला झाडूने झटकू नका. मुलांना तुकाराम ओंबळ्यांची गोष्ट सांगा.