ओघळाची सावली

एप्रिल-मेमध्ये धाराशिवला सकाळी नऊनंतर डोंगरात सायकल घालवत नाही. पारा चाळिशीपार जातो, मुरूम तापतो आणि सावलीला मैलभर एखादी बाभळ असते. म्हणून आम्ही चौघंपाच जण रात्री निघतो. जेवणं उरकून, हातलाई देवीच्या डोंगराच्या अंगानं, लेण्यांकडच्या गाडीवाटेनं, कधी आणखी लांब, बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांनी. येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्याकडे मात्र रात्री चाक वळवत नाही. १९९७ पासून राखलेलं ते रान आहे, रात्र तिथल्या जनावरांची.

पहिल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकच लाईट होता, हेल्मेटवर बांधलेला. मान वळेल तिकडे उजेड, याहून चांगलं काय असणार, असं वाटायचं. एका रात्री उताराला लागलो. समोरचा मुरूम लख्ख, सारवलेल्या अंगणासारखा एकसारखा दिसत होता. त्या अंगणात वीतभर खोल ओघळ होता, आणि तो मला कळला तो पुढचं चाक आत गेल्यावर. कोपर सोललं, रीम वाकली.

शेजारच्या रानात एक मामा दारं धरत होते. शेतीची थ्री-फेज आमच्याकडे पाळीनं येते. रात्रपाळी असली की माणसं रात्र रात्र पाण्यामागं असतात. आवाज ऐकून ते खोरं खांद्यावर टाकून आले, मला उठवलं, सायकल उभी केली आणि माझ्या कपाळाकडं बघून म्हणाले, "बॅटरी खाली धरा की पाव्हणं. वरनं समदं सपाटच दिसतंय."

त्यांची स्वतःची बॅटरी गुडघ्याजवळ होती. ती आडवी करून त्यांनी वाटेवर मारली. ओघळाच्या काठाला काळी ठसठशीत रेघ उमटली. सुपारीएवढ्या खड्यामागं हातभर सावली पडली. जी वाट मला सपाट दिसली होती, ती सगळी उंचसखल होऊन समोर उभी राहिली. बांधावरून चालताना घोणस दिसावी म्हणून ते असंच धरतात, म्हणाले. वेटोळ्याचा रंग मातीत मिसळतो, पण त्याची सावली मिसळत नाही.

पुढं मी लाईटबद्दल जे काही शिकलो ते सगळं त्या रेघेपासून सुरू होतं. दिवा डोळ्यांच्या जवळ असला की प्रत्येक वस्तूची सावली तिच्याच मागं दडते, आपल्याला दिसतच नाही. दिवा डोळ्यांपेक्षा खाली, हँडलवर आला की सावल्या दिसू लागतात आणि खोली कळते. पण नुसत्या हँडलच्या दिव्यानंही भागत नाही. डोंगराच्या वळणावर हँडल वळायच्या आत नजर वळलेली असते, आणि उजेड मात्र दरीत पडत असतो. त्यामुळं दिवे दोन लागतात. हँडलवर रुंद झोताचा, जास्त तेजाचा. हेल्मेटवर अरुंद झोताचा, मंद. हेल्मेटचा जास्त प्रखर ठेवला तर तो खालच्या दिव्यानं पाडलेल्या सावल्या पुसून टाकतो. उन्हाळ्यात पुढच्या गड्याच्या चाकाची धूळ उडते, तेव्हा मी तो चक्क बंद करतो. धुळीवर आपटून उजेड सरळ डोळ्यांत येतो.

नवी पोरं विचारतात, "दादा, किती लुमेनचा घेऊ?" हा आकडा खोक्यावर मोठा छापलेला असतो आणि स्वस्त मालात तोच सगळ्यात खोटा असतो. त्यांच्यासमोर मी कागदावर हिशेब मांडतो. या लाईटांत बहुतेक वेळा १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. त्याचा दाब सरासरी ३.६ व्होल्ट, चांगल्या सेलची क्षमता ३००० मिलिअँपिअर-तास. गुणाकार केला की जवळपास ११ वॅट-तास येतात. चांगला एलईडी एका वॅटला ढोबळमानानं शंभर लुमेन देतो. म्हणजे हजार लुमेनला दहा वॅट, आणि एका सेलवर तासभर. एकाच सेलच्या बॅटरीवर 'दहा हजार लुमेन' लिहिलेलं असेल तर तिला शंभर वॅट लागतील. तो सेल इतका प्रवाह देऊच शकत नाही, आणि दिलाच तरी सहा-सात मिनिटांत संपेल. 'टी-सिक्स'चंही तसंच. क्री कंपनीच्या एक्सएम-एल एलईडीच्या तेजाची ती एक प्रत होती, आता कुठल्याही दिव्यावर छापलेली सापडते.

सेलच्या बाबतीत तर मी फार काटेकोर आहे. बाजारात '९९०० मिलिअँपिअर-तास' छापलेला सेल सर्रास मिळतो. या मापाच्या चांगल्या सेलची मजल साडेतीन हजारांच्या आसपास असते. असा एक सेल मी ओळखीच्या सराफाकडं नेला, सोबत नावाजलेल्या कंपनीचा एक जुना. काट्यावर जुना भरला ४६ ग्रॅम, नवा ३१. पंधरा ग्रॅमचा माल आत नव्हताच. तेव्हापासून सेल घेतला की आधी सराफाचा काटा. पैसे मोजकेच असतील तर दिव्याच्या तेजात हात आखडावा, सेलमध्ये आखडू नये. माझे दोन्ही दिवे आणि तीन सेल मिळून अडीच हजारांच्या आत बसले आणि चार उन्हाळे चालले.

किती उजेड पुरतो, हे वेगावर ठरतं. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ओघळ दिसून बोट ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर आठ मीटर गेलेच, वर मुरमावर घसरत थांबायला तितकीच जागा. वीस-पंचवीस मीटर नीट दिसलं की आमच्या वाटांना पुरतं, आणि त्याला हँडलवर खरे सहाशे-सातशे लुमेन खूप झाले. पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक असलेला उजेड मला आवडतो. निळसर पांढऱ्यात मुरमाचा तांबडा आणि काळीचा काळा एकाच राखेचे दिसतात.

वडिलांच्या सायकलला डायनॅमो होता, सहा व्होल्ट, तीन वॅटचा. टायरला घासत घुरघुरायचा आणि वेग कमी झाला की दिवा मिणमिणायचा. डांबरीवर ते चालून गेलं. डोंगरात नेमकं अवघड जागी, वेग मंदावल्यावरच उजेड हवा असतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, तेव्हा मला वडिलांचा तो डायनॅमो आठवला होता. त्या निळ्यातूनच पांढरा एलईडी आला, आणि त्यामुळंच माझ्यासारख्याला रात्र परवडली.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. लाईटचा क्लॅम्प कितीही आवळला तरी दगडांवर थरथरतो आणि सावल्या नाचू लागतात. जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी हँडलवर दोन वेढे गुंडाळून त्यावर क्लॅम्प बसवा. सावली जागच्या जागी राहते.

मागचा लाल दिवा वेगळ्या कामाचा. त्यानं आपल्याला काही दिसत नाही, आपण इतरांना दिसतो. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरच्या रस्त्यानं परतताना हा फरक फार जाणवतो. भवानी ज्योत घेऊन पोरं अनवाणी धावत गावाकडं निघालेली असतात. मशाल उंच धरलेली असते, कारण ती सगळ्यांना दिसायला हवी. पायाखालचं दिसण्याची काळजी तिला नसते. आम्ही आमचे दिवे मंद करून कडेला थांबतो. समोरून पायी माणूस आला तरी तसंच करतो. वाटेच्या मध्यावर धुळीत रातवा बसलेला असतो, त्याचे डोळे झोतात निखाऱ्यासारखे पेटतात, आणि दिवा मंद केल्याखेरीज तो लवकर उठत नाही.

मागच्या रब्बीत त्या मामांना मी डोक्याला बांधायची एक बॅटरी नेऊन दिली, ४६ ग्रॅमच्या सेलची. महिनाभरानं रात्री त्याच वाटेनं गेलो. कांद्याला पाणी चाललेलं होतं आणि वाफ्यांच्या कडेनं उजेड हलत होता, पण फार खालून. जवळ गेलो. मामांनी डोक्याचा पट्टा सैल करून कमरेला बांधला होता. दोन्ही हातांत खोरं, आणि समोरच्या बांधावर मातीच्या ढेकळा-ढेकळाची लांब सावली.